ऑइलचा बोल्ट पुन्हा 'फ्री' झाला! आटे का जातात, बोल्ट जाम का होतात आणि बसवतानाच काय करायचं

गेल्या पावसाळ्यात शंभर सीसीची एक बाइक गॅरेजला आली. जेट्टीवर बर्फ आणि मासळी वाहणारी गाडी, म्हणजे तिची अवस्था सांगायला नको. तक्रार एवढीच होती, "मेस्त्री, ऑइल गळतंय, बोल्ट जरा टाइट करून द्या." मी सतरा नंबरचा रिंग पाना लावला, पाव फेरा आवळला आणि कुठल्याच मेस्त्रीला नको असतो तो मऊपणा हाताला लागला. बोल्ट आवळत नव्हता, नुसता फिरत होता.

बाहेर काढला तर टेफ्लॉन टेपचे तीन थर. टेप सोलली तेव्हा बोल्टच्या आट्यांत चंदेरी तार गुंडाळलेली दिसली, पेनातल्या स्प्रिंगसारखी. बोटाने ओढली तर सलग निघून आली. ती तार म्हणजे चेंबरचे, ऑइल साठवणाऱ्या इंजिनच्या खालच्या भागाचे, आटे होते.

मालक म्हणाला, "दर दोन ऑइल चेंजला हेच होतं. बोल्टच बोगस मिळतात हल्ली." बोल्ट मात्र ठणठणीत होता. पोलादाचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं चेंबर यांची कुस्ती लागली की कोण हरणार हे ठरलेलं असतं.

इतिहास विचारला तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. पहिल्या सर्व्हिसिंगला बोल्टखालचा वायसर बदलला नव्हता. तो आधीच दबून चपटा आणि कडक झालेला, त्यामुळे थेंब थेंब गळती सुरू झाली. गळती थांबावी म्हणून कुणीतरी बोल्ट अजून आवळला. पुढच्या वेळी आणखी कुणीतरी पान्यात पाइप घालून आवळला. आटे ताणले गेले. मग टेफ्लॉन आली. टेपमुळे आट्यांतलं घर्षण कमी झालं, म्हणजे तेवढाच हात लावला तरी ताण जास्त बसायला लागला आणि उरलेले आटेही गेले. दहा-वीस रुपयांच्या वायसरवरून सगळं रामायण.

बोल्ट तुटला किंवा फिरला की आपण उघडणाऱ्याला शिव्या देतो. मी पंधरा-सोळा वर्षं हे काम करतोय, आणि माझा अनुभव असा की बहुतेक वेळा त्या बोल्टचं भवितव्य मागच्या वेळी बसवणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणून जाम बोल्ट कसा काढायचा ते शेवटी सांगतो. आधी बसवण्याबद्दल.

आवळणं म्हणजे नेमकं काय होतं

बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. आवळल्यावर तो किंचित लांबतो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीने दोन भाग एकमेकांना धरून राहतात. आपण लावलेल्या जोरापैकी ढोबळ हिशोबाने निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा टक्केच बोल्ट ताणायला लागतात. म्हणजे आटे गंजलेले असतील तर तुम्ही कितीही आवळा, जोर घर्षणातच जिरतो आणि बोल्ट ढिला राहतो. उलट आट्यांना तेल लागलेलं असेल तर तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. एकाच पान्याने, एकाच हाताने आवळलेले दोन बोल्ट एक ढिला आणि एक मरणाच्या दारात का असतो, त्याचं कारण हे.

दुसरी गोष्ट. सगळे आटे सारखा भार घेत नाहीत. डोक्याकडचा पहिला गुंतलेला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार उचलतो, त्यामागचे कमी कमी. त्यामुळे तोंडाचे दोन आटे खराब असले तर "आत अजून दहा आटे आहेत की" हे समाधान खोटं असतं. पोलादात बोल्टच्या जाडीइतकी खोली पुरते, पण ॲल्युमिनियममध्ये बोल्ट जाडीच्या दीड ते दोन पट आत गुंतायला हवा. एम ६ म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट असेल तर नऊ ते बारा मिलिमीटर.

आता हाताचा हिशोब. इंजिनच्या कव्हरला जे एम ६ बोल्ट असतात त्यांना साधारण १० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरतो. दहा नंबरचा पाना तेरा सेंटीमीटर लांब धरला तर टोकाला आठ किलोचा जोर झाला. तेच काम पाव मीटर लांब रॅचेटने करायला गेलात तर चार किलोतच १० न्यूटन मीटर होतात. चार किलो म्हणजे मनगटाची हालचाल, खांद्याची नव्हे. पोऱ्या नवीन असला की मी त्याला अर्धा इंची रॅचेट कव्हरच्या बोल्टला लावूच देत नाही. पाना हातात देतो आणि सांगतो, "गळ्याशी धर." पाना मध्यावर किंवा डोक्याजवळ धरला की बोल्टवर आपोआप जोर कमी पडतो.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की 'टक' करणारा पाना, असेल तर उत्तम, पण तो योग्य मापाचा हवा. कारच्या चाकांना चालणारा ४० ते २०० न्यूटन मीटरचा रेंच घेऊन एम ६ आवळणं म्हणजे पोत्याच्या काट्यावर सोनं तोलणं. दुचाकीसाठी ५ ते २५ मध्ये चालणारा छोटा रेंच घ्या. त्याची 'टक' बारीक असते, कम्प्रेसर चालू असेल तर ऐकूच येत नाही, हाताला जाणवते. आणि काम झालं की स्प्रिंग सैल करून ठेवा.

पहिले तीन फेरे बोटांनीच

वाकड्या लागलेल्या बोल्टमुळे जितके आटे मी जाताना पाहिलेत तितके जास्त आवळण्यानेही नसतील. युक्ती जुनी आहे. बोल्ट भोकावर ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो किंचित खाली पडतो, 'टक' असं बोटांना कळतं. तिथे आट्याची सुरुवात असते. तिथून सुलटा फिरवायचा. तीन-चार फेरे बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर पाना उचलायचा नाही, बोल्ट काढायचा. "पान्याने बसेल की" हे वाक्य ज्या गॅरेजमध्ये ऐकू येतं तिथल्या लेथवाल्याचं बरं चाललेलं असतं.

स्पार्क प्लगच्या बाबतीत तर ही सवय हवीच. हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, प्लगचं भोक खोल असतं, बोटं पोचत नाहीत, आणि प्लग पाना लावला की हाताला काहीच कळत नाही. पेट्रोलच्या जुन्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या टोकावर चढवा आणि त्या नळीने प्लग फिरवून बसवा. प्लग वाकडा लागला तर नळी घसरते आणि आटे वाचतात. नळी पूर्ण फिरली, प्लग टेकला, मग पाना. वायसरवाला नवा प्लग टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग साफ करून परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा एक बारांश फेरा, म्हणजे तासाचा काटा एका तासात सरकतो तेवढाच. डब्यावर चित्र छापलेलं असतं, कुणी बघत नाही.

प्लग थंड इंजिनावरच काढा आणि थंड इंजिनावरच लावा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. शंभर मिलिमीटरचा तुकडा शंभर अंशांनी तापवला तर ॲल्युमिनियम ०.२३ मिलिमीटर वाढतं, पोलाद ०.१२. गरम हेडवर आवळलेलं सगळं थंड झाल्यावर ढिलं पडतं, आणि गरम हेडमधून कार्बन धरलेला प्लग ओढला तर आटे सोबत घेऊन येतो. गिऱ्हाईक उभं असतं, घाईत असतं, "जरा बघा ना" म्हणतं. त्याला चहा पाजा.

आता प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट, लावायची का? मी लावत नाही. हल्लीच्या प्लगवर निकेलसारखा थर असतोच, आणि प्लग बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की पेस्ट लावली तर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा, बस.

पुठ्ठ्याचा तुकडा

क्लच कव्हर उघडलं की दहा-बारा बोल्ट निघतात आणि दिसायला सगळे सारखेच. लांबी मात्र वेगळी, कुठे पंचवीस, कुठे पस्तीस, एखादा पंचेचाळीस. ते एका वाटीत पडले की निम्मं नुकसान झालंच. लांब बोल्ट उथळ भोकात गेला तर तळाला टेकतो. आपल्याला वाटतं आवळला गेला, कव्हर मात्र ढिलं. म्हणून अजून आवळतो, आणि मग एकतर आटे जातात नाहीतर भोकाचा तळ फुटून बाहेर येतो. आखूड बोल्ट खोल भोकात गेला तर फक्त चार आट्यांना धरतो आणि ते चार आटे घेऊन बाहेर येतो.

मी कव्हरचा ढोबळ आकार पुठ्ठ्यावर काढतो आणि बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचतो. वायसरही तिथेच. कुणी आधीच उघडलेली गाडी आली, बोल्ट पिशवीत आले, तर दुसरी युक्ती. कव्हर जागेवर ठेवा, सगळे बोल्ट भोकांत नुसते सोडा, फिरवू नका. प्रत्येकाचं डोकं कव्हरपासून सारखंच वर दिसलं पाहिजे. एखादं दीड सेंटीमीटर वर आणि शेजारचं अर्ध्या सेंटीमीटरवर असेल तर अदलाबदल झालीय. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आवळताना एका बाजूने सरळ रांगेत जाऊ नका. समोरासमोर, आडवं-तिडवं, आणि दोन-तीन टप्प्यांत. सगळे आधी टेकवा, मग अर्धे, मग पूर्ण. हेडचे नट असतील तर मॅन्युअलमध्ये क्रमांक दिलेले असतात, त्या क्रमानेच.

भोक साफ आहे का?

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच सगळे टाळतात. आट्यांत जुनं पॅकिंग, जुनं लॉकटाइट (बोल्ट सुटू नये म्हणून लावायचा डिंक), वाळू, पांढरी भुकटी असते. बोल्ट आत जाताना हे सगळं पुढे ढकलत नेतो आणि मध्येच अडकतो.

धारदार टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, घालून 'साफ' करायची सवय वाईट. कटिंग टॅप थोडा जरी तिरका लागला तर चांगलं ॲल्युमिनियमही कापून नेतो, आणि दरवेळी भोक सैल होत जातं. त्यापेक्षा आटे न कापता साफ करणारा चेझर घरीच करा. त्याच मापाचा चांगला बोल्ट शेगड्यात धरा, हॅक्सॉने आट्यांवर लांबीच्या दिशेने दोन-तीन चरे पाडा, कानशीने धारा मोडा. हा बोल्ट रॉकेल लावून हाताने आत-बाहेर फिरवला की घाण चऱ्यांत जमते आणि आटे कापले जात नाहीत. मग कॉम्प्रेसरची हवा. डोळे सांभाळा, आतली घाण सरळ तोंडावर येते.

बंद तळाच्या भोकात तेल साचलेलं असेल तर ते आधी काढाच. तेल दाबलं जात नाही. बोल्ट वरून पिस्टनसारखा उतरतो, तेलाला जायला जागा नसते, आणि भोकाभोवतीचं कास्टिंग फुटतं. एका केसमध्ये मी असा तडा पाहिलाय, केसासारखा बारीक, आणि मालकाला वाटत होतं ऑइल गॅस्केटमधून येतंय. तीन गॅस्केट बदलून झाले होते.

दिसतो तसा नसलेला बोल्ट

एम १० बोल्ट दोन पिचमध्ये, म्हणजे आट्या-आट्यातल्या अंतरात, सर्रास मिळतो, १.५ आणि १.२५ मिलिमीटर. एकाच्या जागी दुसरा दोन-तीन फेरे जातो आणि मग घट्ट होतो. "घट्ट बसला" असं वाटून पाना लावला की संपलं. दुकानातून आणलेला नवा बोल्ट जुन्या बोल्टच्या आट्यांत आटे घालून उजेडात धरा. फट दिसली तर परत करा.

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवर तर ही फसगत नेहमीची. त्या गाड्यांत ब्रिटिश मापाचे आटे आहेत, व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड असा सगळा मेळा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणजे एम ८ वाटतोच. पण बीएसएफला इंचात २२ आटे, व्हिटवर्थला १८, आणि एम ८ च्या १.२५ पिचला साधारण २०. शिवाय व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि मेट्रिकचा ६०. एम ८ अशा भोकात सुरुवातीला गोड लागतो आणि मग आटे चावून टाकतो. बुलेटवाल्यांनी मूळ बोल्ट जपून ठेवावेत, भंगारात टाकू नयेत.

जाम होणं: आमच्या किनाऱ्याची खासियत

घाटावरच्या गाड्या इथे कामाला येतात तेव्हा त्यांचे बोल्ट लोण्यासारखे निघतात, हेवा वाटतो. इथे दोन पावसाळे काढलेल्या गाडीत पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओलावा शिरतो आणि चक्क बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून बोल्ट आट्यात पाचरीसारखा आवळला जातो. बाहेरून बोल्ट चकचकीत, आत सिमेंट.

यावर कुणीतरी चमकदार स्टेनलेसचे एलन बोल्ट सुचवतं. दिसायला छान, पण ॲल्युमिनियमच्या केसमध्ये खाऱ्या हवेत ती जोडी आणखी वाईट. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट असेल तर दोघे आवळतानाच एकमेकांना चिकटून बसतात, गंज न लागताही. तिथे निकेलची अँटीसीझ लावल्याशिवाय नट चढवू नका.

मग लावायचं काय? सायलेन्सरच्या स्टडला, म्हणजे बेंड पाइप जिथे हेडला लागतो तिथल्या बिनडोक्याच्या बोल्टला, तांब्याची किंवा निकेलची अँटीसीझ. साधं ग्रीस तिथे जळून कोळसा होतं आणि नटाला आणखी पकडतं. लोखंडी नट काढून पितळेचे लावा, पितळ गंजून स्टडला चिकटत नाही. कव्हरच्या बोल्टना, ॲल्युमिनियमच्या आट्यांत, मी तांब्याची पेस्ट वापरत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं खारट ओलाव्यात जमत नाही. तिथे पाण्याने न धुपणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात, बोल्टच्या डोक्याखालीही थोडा. आणि ग्रीस लावलंय हे हाताला आठवण करून द्या. कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क वीस-तीस टक्के कमी करायचा. मॅन्युअलमध्ये 'तेल लावून' असं लिहिलं असेल तर तो आकडा तेल धरूनच दिलेला असतो, तो कमी करू नका.

लॉकटाइटबद्दल गोंधळ फार. ते हवा नसताना आणि धातूच्या संगतीत घट्ट होतं, म्हणून बाटलीत वर्षानुवर्षं पातळ राहतं. निळं, २४३ नंबर, हे पान्याने उघडता येतं. लाल २७१ लावलेला बोल्ट उघडायला जवळपास अडीचशे अंश तापवावा लागतो. एम ६ वर लाल लावणारा माणूस पुढच्या मेस्त्रीचा वैरी. छोट्या स्क्रूसाठी जांभळं २२२ मिळतं. एक थेंब पुरतो. बंद भोक असेल तर तो थेंब भोकाच्या आत टाका, बोल्टवर लावलात तर दबलेली हवा त्याला बाहेर ढकलते.

आणि तो निळा-पिवळा स्प्रे, डब्ल्यूडी-४०. नावातली अक्षरं पाणी हटवण्यासाठी आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग, १९५३ साली सॅन डिएगोत जमलेला. पाणी हटवायला तो झकास. बोल्ट पुढची दोन वर्षं जाम होऊ नये म्हणून तो मारून ठेवणं मात्र निरुपयोगी, उडून जातो.

जाम झालाच असेल तर

घाई करू नका, रात्रभर तेल मुरू द्या. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं, हे मिश्रण मला बाजारातल्या कित्येक डब्यांपेक्षा बरं वाटतं. दोन्ही वेगळे होतात, हलवून वापरा, आणि त्याच्या आसपास ज्योत नको. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, छोटे ठोके, दहा-पंधरा. आटे सुटायला या धक्क्यांची फार मदत होते. जुन्या शंभर सीसीच्या जपानी घराण्यातल्या गाड्यांवर कव्हरला फुलीचे स्क्रू असतात, तिथे इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडीच्या ठोक्याने फिरणारा पेचकस. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर ती जपानी फुली आहे. साधा फिलिप्स बिट तिच्यात नीट बसत नाही आणि डोकं खाऊन टाकतो.

उष्णता द्यायची ती ॲल्युमिनियमला, बोल्टला नव्हे, कारण भोक बोल्टपेक्षा जास्त फुगायला हवं. हॉट एअर गन पुरते. टाकी आणि कार्बोरेटर आधी काढून दूर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हाताला काय लागतंय ते. बोल्ट सुटताना 'कट्ट' असा कोरडा आवाज येतो. तो आला की जिंकलात. पण आवाज न येता बोल्ट रबरासारखा वळायला लागला, पाना फिरतोय आणि सोडल्यावर किंचित परत येतोय, तर तिथेच थांबा. तो सुटत नाहीये, पिळला जातोय. परत थोडा आवळा, तेल टाका, थोडा सोडा, परत आवळा. पाव-पाव फेऱ्यांनी. मी एका स्टडवर अर्धा तास असा घालवलाय आणि तुटलेला स्टड काढायला लागले असते ते तीन तास वाचवलेत.

डोकं तुटलंच तर ईझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून उलटा फिरवत घालायचा खिळा, हे शेवटचं हत्यार. विचार करा, दहा नंबरच्या पान्याने अख्खं डोकं तुटलं तरी जो बोल्ट हलला नाही, तो त्याच्या पोटात घातलेल्या तीन मिलिमीटरच्या खिळ्याने हलेल? तो खिळा कडक पोलादाचा, आत तुटला तर ड्रिलही चालत नाही. तुकडा बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगची धग बोल्टला मोकळं करते आणि नटाला पानाही लागतो. हे काम अनुभवी वेल्डरकडूनच, आणि बॅटरी काढून.

आटे गेलेच, तर

टेफ्लॉन टेप, एम-सील, बोल्टभोवती तांब्याची तार गुंडाळणं, हे सगळे प्रकार मी पाहिलेत. एकही टिकत नाही. मोठ्या मापाचा बोल्ट घालता येतो, पण भोकाभोवती भिंत शिल्लक हवी, आणि एकदा मोठा केला की परतीची वाट नाही.

मी हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं काम करणारी पोलादी तारेची गुंडाळी, लावतो. एम ६ असेल तर ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, मग किटमधला खास टॅप, मग तारेची ती गुंडाळी किल्लीने आत फिरवायची, तोंडापासून एखादा आटा खाली जाईपर्यंत. शेवटी खालची शेपटी ठोकून तोडायची आणि मोजून बाहेर काढायची. मोजून म्हणतोय, कारण ती इंजिनात राहिली तर आधीचं दुखणं बरं होतं असं म्हणायची वेळ येते. ड्रिल आणि टॅपला ग्रीस फासलं की धातूचा किस त्याला चिकटून बाहेर येतो. ड्रिल सरळ धरायला जमत नसेल तर लेथवाल्याकडे जा, तिरकं हेलिकॉइल म्हणजे कायमचा तिरका बोल्ट. नीट बसलं तर पोलादाचे आटे मिळतात, मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत.

त्या मासळीवाल्या बाइकला हेच केलं. चेंबर खालूनच उघडं असल्याने किस आणि शेपटी दोन्ही सहज निघाली, वर अर्धा लिटर स्वच्छ ऑइल ओतून धुतलं. नवा तांब्याचा वायसर, बोल्ट बोटांनी टेकवला, २४ न्यूटन मीटरला टॉर्क रेंच 'टक' झाला. पुसून घेतलं, इंजिन पाच मिनिटं चालवलं, खाली कागद पसरला. कोरडा.

मालक उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "मेस्त्री, अजून अर्धा फेरा मारा ना. आपलं सेफ." आणि माझ्या ट्रेमधला सतरा नंबरचा पाना त्याने उचललासुद्धा. तो काढून घेतला आणि त्याच्या हातात दोन जादा वायसर ठेवले.